आरटीओचा आयडीपी घेऊन हा जियांगला निघालात? आधी परवान्याचं मुखपृष्ठ बघा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकचे दोन मित्र ऑक्टोबरात हनोईला उतरून उत्तर व्हिएतनाममधला हा जियांगचा लूप (डोंगरातून फिरून परत येणारा रस्ता) दुचाकीवर स्वतः चालवणार आहेत. होंडा एक्सआर १५० भाड्याने ठरवली आहे, आरटीओतून आयडीपी (आंतरराष्ट्रीय वाहन परवाना) काढून झाला आहे आणि दुकानदाराने "नो प्रॉब्लेम, एव्हरीबडी गोज" असं कळवलं आहे. पोलिसांनी अडवलं तर खिशात किती पैसे असावेत, जागेवर मिटतं का, आणि हेल्मेट इथून न्यायचं का, एवढंच त्यांना हवं आहे.

पैशांचं सांगतो, पण आधी एक काम करा. आयडीपीची ती करड्या रंगाची पुस्तिका हातात घ्या आणि मुखपृष्ठावर कोणत्या कराराचं साल छापलंय ते वाचा. आपल्याकडे १९४९ असतं, म्हणजे १९ सप्टेंबर १९४९ चा जिनिव्हा करार. भारत त्या कराराखाली परवाने देतो. व्हिएतनाम २०१४ मध्ये सामील झाला तो १९६८ च्या व्हिएन्ना करारात, आणि तिथले पोलीस त्याच कराराखालचे आयडीपी मानतात. म्हणजे हजार रुपये फी भरून, रांगेत उभं राहून काढलेला तुमचा आयडीपी खरा आहे, पण व्हिएतनामच्या रस्त्यावर तो परवाना नाही. पोलिसांच्या लेखी तुम्ही विनापरवाना चालक.

काही याद्यांमध्ये १९४९ च्या करारापुढेही व्हिएतनामचं नाव दिसतं आणि लोक ती दाखवून वाद घालतात. ती नोंद १९७५ पूर्वीच्या दक्षिण व्हिएतनामची आहे. आजच्या हवालदारासमोर तिचा काही उपयोग नाही. ऑनलाइन पन्नास डॉलरला मिळणारी "इंटरनॅशनल लायसन्स" कार्डं तर कुठल्याच कराराखाली येत नाहीत. त्यात पैसे घालू नका.

परदेशातल्या मराठी मंडळींचं चित्र वेगवेगळं आहे. जर्मनीत राहून तिथला दुचाकीचा परवाना काढला असेल तर तिथे मिळणारा आयडीपी १९६८ चा असतो, तो चालतो. ब्रिटनमध्ये दोन्ही प्रकारचे मिळतात, १९६८ चा मागून घ्यायचा. अमेरिका आणि कॅनडातला आयडीपी १९४९ चाच, त्यामुळे न्यू जर्सीचा चुलतभाऊ तुमच्याच नावेत. आणि ज्याचा चालतो त्यानेही मूळ देशाचा परवाना सोबत ठेवायचा. नुसता आयडीपी दाखवला आणि मूळ परवाना नसला तरी दंड होतो, ते कलमच आहे.

आता आकडे. १ जानेवारी २०२५ पासून तिथे अध्यादेश १६८ लागू झाला आणि दंड एकदम वर गेले. जुन्या ब्लॉगांवरचे आकडे वाचून गेलात तर फसाल. विनापरवाना दुचाकी चालवली तर १२५ सीसीपर्यंत २० ते ४० लाख डोंग, १२५ सीसीच्या वर ६० ते ८० लाख डोंग. ढोबळ हिशेबाला ३०० डोंग म्हणजे एक रुपया धरा: पहिला दंड सुमारे ६,७०० ते १३,३०० रुपये, दुसरा २० ते २७ हजार. तुमची एक्सआर १५० दुसऱ्या खणात पडते. गाडी निवडताना लोक चढाची ताकद बघतात, ही १२५ ची रेषा कुणी बघत नाही.

वर गाडी सात दिवसांपर्यंत ठेवून घेता येते. गाडी तुमची नाही, दुकानदाराची. तो त्या दिवसांचं भाडं तुमच्याकडून घेणार आणि अनामतीतून कापणार. दुसरीकडे, परवाना नसलेल्याला गाडी दिली म्हणून गाडीमालकालाही आता जबर दंड आहे, व्यक्ती असेल तर ८० लाख ते १ कोटी डोंग, संस्था असेल तर त्याच्या दुप्पट. त्यामुळे हा जियांगमधली बरीच दुकानं हल्ली परवाना तपासल्याशिवाय चावी देत नाहीत. तुमचा दुकानदार बघतच नसेल तर मला ते चांगलं लक्षण वाटत नाही. उद्या काही झालं तर तोही "मला काय माहीत" म्हणून मोकळा होईल.

पण दंड हा यातला स्वस्त भाग आहे. महाग भाग विमा. गाडीसोबत जो सक्तीचा विमा असतो (वर्षाला कर धरून ६६ हजार डोंग, म्हणजे दोन-सव्वादोनशे रुपये) तो समोरच्या माणसासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. चालकाकडे परवाना नसेल तर तोही विमा अपवादाच्या कलमाखाली हात वर करतो. तुम्ही इथून घेतलेल्या प्रवास विम्यातही अशीच अट असते: त्या देशात वैध परवाना असल्याशिवाय मोटरसायकल चालवताना झालेली इजा धरली जात नाही. काही पॉलिसींमध्ये सीसीची मर्यादा आणि "साहसी खेळ" हे वेगळं कलमही असतं. लूपवरच्या मा पी लेंग घाटाच्या वळणावर पाय मोडला तर आधी मेओ वाक किंवा डोंग वानचा दवाखाना, मग हा जियांग शहर, मग हनोई जवळपास ३०० किलोमीटर. हे सगळं स्वतःच्या खिशातून.

समोरचा माणूस दगावला तर विषय फौजदारीत जातो. व्हिएतनामच्या दंडसंहितेत कलम २६० खाली वाहतूक नियम मोडून मृत्यू घडवला तर १ ते ५ वर्षं कैद होऊ शकते, आणि चालकाकडे परवाना नसेल तर तीच शिक्षा ३ ते १० वर्षं होते. प्रकरण मिटेपर्यंत देश सोडायला मनाई येऊ शकते, ती वेगळीच. चूक तेवढीच, पण परवाना नाही एवढ्या एका गोष्टीने खटल्याचं वजन बदलतं. म्हणून "किती पैसे ठेवू" याच्या आधी "मी तिथे कायदेशीर चालक होऊ शकतो का" हे सोडवा.

होऊ शकतो का, हे परिस्थितीवर आहे. कामाला किंवा शिकायला तीन महिने किंवा त्याहून जास्त राहणाऱ्या परदेशी माणसाला मूळ परवाना बदलून व्हिएतनामी परवाना घेता येतो. दहा दिवसांच्या ई-व्हिसावाल्याला तो रस्ता नाही. तुमच्यापुढे उरतात तीन.

पहिला, ५० सीसीच्या आतली गाडी किंवा ४ किलोवॅटपर्यंतची इलेक्ट्रिक. तिला व्हिएतनाममध्ये परवाना लागत नाही, वय १६ पूर्ण हवं. गाडीवरचा स्टिकर बघू नका, नोंदणीपत्रावर इंजिनची क्षमता लिहिलेली असते ती बघा. गावात, निन्ह बिन्हसारख्या सपाट भागात ही सोय उत्तम. हा जियांगच्या चढाला दोन माणसं आणि सामान घेऊन ५० सीसी म्हणजे गाडीचाही छळ आणि मागच्या ट्रकवाल्याचाही. या वर्गाच्या गाडीला वेगमर्यादा ताशी ४० आहे. एकेकटे, हलकं सामान, दिवसाला ६०-७० किलोमीटर असा बेत असेल तरच विचार करा. विमा कंपनीला मात्र आधी मेलवर विचारून ठेवा. तुमच्या डीएलवर गियरच्या दुचाकीचा वर्ग आहे ही बाब इथे तुमच्या बाजूने जाते, पण उत्तर लेखी हवं.

दुसरा, स्थानिक चालकाच्या मागे बसून जाणं. तिथे याला इझी रायडर म्हणतात. आपल्या रायडर मंडळींना हे कमीपणाचं वाटतं. मला तसं वाटत नाही. क्वान बा ते डोंग वान हा रस्ता बघण्यासारखा आहे, आणि चालवणाऱ्याला त्यातला निम्माही दिसत नाही. तुमच्या आयडीपीवर हा जियांग करायचाच असेल तर माझं मत याच बाजूला.

तिसरा, स्वतःच चालवायचं असेल तर देश बदला. थायलंड १९६२ पासून १९४९ च्या करारात आहे, त्यामुळे आरटीओचा आयडीपी तिथे चालतो. चियांग माईहून माए होंग सोनचा लूप साधारण ६०० किलोमीटरचा, वळणांची हौस पुरेपूर भागते, आणि वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. फक्त आयडीपीच्या आत "ए" वर्गापुढे शिक्का आहे का ते बघा. चारचाकीच्या "बी" पुढेच शिक्का असेल तर दुचाकीसाठी तो कोरा कागद. डीएलवर दोन्ही वर्ग असूनही आयडीपीवर एकच उमटल्याचं बऱ्याचदा दिसतं, आणि ते बघायची जागा नाशिकच्या आरटीओची खिडकी, चियांग माईच्या जुन्या शहराच्या खंदकाशेजारची नाकाबंदी नाही. तिथे हेल्मेट नसेल तर २,००० बाटपर्यंत दंड होतो. दारूची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, पण परवाना नसलेल्या चालकाला ती २० वर येते. पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५, इंग्रजी बोलतात.

आता समजा तुमच्याकडे चालणारा परवाना आहे, किंवा तुम्ही ५० सीसीवर आहात. तरी पोलीस अडवतीलच. हा जियांग शहर सोडून राष्ट्रीय मार्ग ४सी ला लागलं की तपासणी असते, पुढे येन मिन्हच्या बाजूलाही. वाहतूक पोलिसांचा गणवेश पिवळसर खाकी. काठीने इशारा झाला की उजवा इंडिकेटर द्या, रस्त्याच्या कडेला पूर्ण बाहेर या, इंजिन बंद करा, चेहऱ्यावरचं कापड (बफ) खाली करा. वळून मागे पळण्याचा विचार कुणी करत असेल तर करू नये. चालणारे कागद असताना पळणाऱ्याला वेगळा दंड ओढवून घ्यायची हौस असते असंच म्हणावं लागेल.

कागद चार: मूळ परवाना आणि आयडीपी, गाडीचं नोंदणीपत्र (बोलीत का वेत), सक्तीच्या विम्याचा कागद, आणि पासपोर्ट. नोंदणीपत्रावरचा नंबर आणि पाटीवरचा नंबर जुळतो का हे दुकानातच ताडून बघा. भाड्याच्या गाड्यांत कागदांची अदलाबदल सहज होते, दहा गाड्या आणि दहा पाकिटं एकाच खणात ठेवलेली असतात. पासपोर्ट दुकानात अनामत म्हणून ठेवू नका. रोख अनामत द्या. पासपोर्ट दुकानदाराकडे आणि तुम्ही दीडशे किलोमीटर लांब पोलिसांसमोर, ही स्थिती कुणाच्याच कामाची नाही.

दंड झाला तर नोंद होते, तिला बिएन बान म्हणतात. त्यात नियम कोणता मोडला, कलम कोणतं, आणि काय ताब्यात घेतलं हे लिहिलेलं असतं. फोनमध्ये व्हिएतनामी भाषांतराचा ऑफलाइन संच आधीच उतरवून ठेवा, कॅमेरा धरून सही करण्याआधी वाचा. तुमचं म्हणणं लिहायला जागा असते. प्रत मागून घ्या. १ जुलै २०२५ पासून हा जियांग प्रांत तुयेन क्वांगमध्ये विलीन झालाय, त्यामुळे कागदाच्या डोक्यावर तुयेन क्वांग दिसलं तर भलत्याच ठिकाणचा कागद समजून घाबरू नका. मोठे दंड बँकेत, सरकारी खजिन्यात किंवा ऑनलाइन भरले जातात, हवालदाराच्या हातात नाही.

"जागेवर मिटतं का" याचं उत्तर: नोट पुढे करू नका. लाच देऊ करणं हा तिथेही गुन्हा आहे आणि भाषा येत नसताना तो करणं त्याहून मूर्खपणाचं. आणि समजा कुणी पावतीशिवाय घेतले, तरी त्याने तुम्ही परवानाधारक होत नाही. पुढच्या वळणावरचा अपघात तेवढाच विनापरवाना राहतो. "दोनदा दिले आणि लूप पूर्ण केला" अशी पोस्ट टाकणारा माणूस पडला नाही, एवढंच त्यातून कळतं.

नेमकं कशासाठी अडवतात ते बघू. वेग सगळ्यात जास्त. गावाची हद्द एका निळ्या पाटीने सुरू होते, तिच्यावर पांढऱ्या इमारतींची आकृती असते. तीच आकृती तांबड्या तिरक्या रेघेने खोडलेली दिसली की हद्द संपली. या दोन पाट्यांच्या मध्ये दुभाजक नसलेल्या दुतर्फा रस्त्यावर मर्यादा ५०, बाहेर मोटरसायकलला ६०. घरं दिसेनाशी झाली म्हणून लोक वेग वाढवतात, पण खोडलेली पाटी अजून अर्धा किलोमीटर पुढे असते आणि रडार नेमका त्या अर्ध्या किलोमीटरमध्ये. मर्यादेपेक्षा १० ते २० किलोमीटर जास्त गेलात तर ८ ते १० लाख डोंग, २० च्या वर गेलात तर थेट ६० ते ८० लाख. दुसरी पाटी दिसेपर्यंत थ्रॉटल पिळू नका.

सिग्नल तोडला तर ४० ते ६० लाख डोंग. आपल्याकडची "फ्री लेफ्ट" ची सवय तिथे "फ्री राइट" होऊन बाहेर येते, कारण वाहतूक उजवीकडून आहे. तिथे लाल दिव्यावर उजवीकडे वळायचं असेल तर हिरवा बाण किंवा तशी पाटी हवी. मागचे चार स्थानिक हॉर्न वाजवत वळले म्हणून तुम्ही वळू नका, त्यांचा दंड त्यांच्या पत्त्यावर जाईल, तुमचा अनामतीतून. कॅमेऱ्यावर पकडून नंतर गाडीमालकाकडे येणाऱ्या दंडाला तिथे फात न्गुओई म्हणतात, शब्दशः "गार दंड". म्हणून भाडेकरारात अनामत कधी परत मिळणार आणि असा दंड आला तर काय, हे लिहून घ्या.

दारू शून्य. थोडी चालते, एक बिअर चालते असं काही नाही. श्वासात किंवा रक्तात काहीही सापडलं तर २० लाखांपासून सुरू, वरच्या टप्प्यात १ कोटी डोंगपर्यंत. होमस्टेमध्ये रात्री "हॅपी वॉटर" म्हणून मक्याची दारू आग्रहाने पाजतात. रात्री अकरापर्यंत पिऊन सकाळी सातला गाडी काढली तर अंश सापडू शकतो, तेव्हा प्यायलात तर सकाळी उशिरा निघा.

किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टी. डावा आरसा नसेल तर ४ ते ६ लाख डोंग. भाड्याच्या गाड्यांचे आरसे पडून तुटलेले असतात, दुकानात बदलून घ्या. आणि संध्याकाळी सहा ते सकाळी सहा दिवा लावलेला हवा.

उजवीकडून चालवण्याचं सगळे म्हणतात "तासाभरात जमतं". गर्दीत जमतं, कारण बाकीचे तुम्हाला वाहून नेतात. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, चहा पिऊन किंवा पेट्रोल भरून पुन्हा निघताना, जेव्हा समोर कुणीच नसतं आणि हात सवयीने डावीकडे जातो. दोघं आहात, तर मागच्याने प्रत्येक थांब्यानंतर "उजवीकडे" असं मोठ्याने म्हणायचं ठरवा. ऐकायला बालिश आहे. चालतं.

घाटातलं एक, कारण अपघाताची सुरुवात बहुतेक इथून होते. ऑटोमॅटिक स्कूटर घेऊ नका. मा पी लेंगच्या बाजूच्या लांब उतारांवर तिला इंजिन ब्रेकिंग (इंजिनच्या ओढीने वेग कमी होणं) जवळजवळ नसतं, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि लिव्हर मऊ पडतो. लिव्हर मऊ लागायला लागला की ब्रेक संपत आलाय असं समजून लगेच थांबा आणि वीस-पंचवीस मिनिटं गार होऊ द्या. पाणी ओतू नका. वैध परवानाधारकाला मी ११० सीसीची सेमी-ऑटोमॅटिक, होंडा वेव्ह किंवा ब्लेड, सुचवेन. उतारावर दुसरा गियर आणि मागचा ब्रेक टप्प्याटप्प्याने.

काही घडलंच तर पोलीस ११३, रुग्णवाहिका ११५. गाड्या हलवण्याआधी फोटो, आणि दुकानदाराला फोन त्यानंतर, आधी नाही.

हेल्मेट: हो, इथून न्या. भाड्याचं हेल्मेट बहुतेक अर्धं, टोपीसारखं असतं आणि दहा डोक्यांवरून सैल झालेलं असतं. पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट केबिनमध्ये घ्या, आत मोजे आणि चार्जर भरले की जागाही वाया जात नाही. मागे बसणाऱ्यालाही सक्ती आहे, आणि पट्टा न लावलेलं हेल्मेट म्हणजे हेल्मेट नाही असंच धरतात: दंड ४ ते ६ लाख डोंग, माणशी.